सतरा खोड्या आणि एक गाळलेली जागा

माझी आत्या काटा तपासायला बसली की दुकानातला पंखा बंद होतो, दार ओढलं जातं आणि काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, शिवणयंत्र जागच्या जागी थांबतं. मग बाही अर्धी शिवून झालेली का असेना. आत्या पितळी माप चिमट्याने उचलते, पारड्यात ठेवते आणि तोंड डावीकडे वळवून श्वास सोडते. समोर सोडलेला श्वास पारडं हलवतो, असं तिचं म्हणणं. बटाट्याच्या पोत्यांच्या काट्यालाही ती हाच मान देते.

"अगं, बटाट्याला काय कळतंय तुझ्या श्वासाचं?" काका दर वेळी म्हणतात.

"बटाट्याला नसेल कळत. विकत घेणाऱ्याला कळतं."

दुकान एकच आहे, पण मधोमध फरशीवर खडूची रेघ आहे. अलीकडे काका: कापड, कात्री, इस्त्री. पलीकडे आत्या: दांड्या, पारडी, स्प्रिंगा आणि फळीवर रांगेत पालथे घातलेले इलेक्ट्रॉनिक काटे. "लांबीरुंदी माझी, वजन हिचं," असं काका नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगतात आणि मग स्वतःच्या पोटाकडे बघत म्हणतात, "हे मात्र हिच्या माथी मारू नका."

बाजारात तिला मिलीग्राम म्हणतात. नाव एका सोनाराने पाडलं. त्याचा नाजूक काटा आत्याने तीन वेळा परत ठेवून घेतला, कारण शेवटच्या केसभर फरकावर तिचं समाधान होईना. चौथ्या दिवशी सोनार कंटाळला. "मिलीग्रामनं काय आभाळ कोसळतंय?" म्हणाला. आत्या म्हणाली, "मग तेवढं रोज मला देत जा." सोनार काटा तसाच ठेवून गेला, नाव मात्र राहिलं.

ही विद्या तिला तिच्या वडिलांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून मिळाली. खरं तर ती माझ्या वडिलांना मिळायची होती. पण त्यांचा हात पहिल्यापासून जड. आजोबांनी आठवड्याभरात ते ओळखलं आणि चिमटा मुलीच्या हातात दिला. तिच्याबरोबर आणखी एकजण शिकत होता. हाडं-कातडं एक झालेला, फुंकर मारली तर उडेल असा. त्याला सगळे पासंग म्हणायचे. दोन पारड्यांमधला बारीकसा फरक भरून काढायला दांडीला जो चिमुकला तुकडा बांधतात, तो पासंग. पुढे त्यानं तीन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं, पण चार वाजताचा चहा तो आत्याकडेच प्यायचा, आणि पिता पिता तिच्या कामात खुसपटं काढायचा. तीही त्याला सोडायची नाही.

"ही दांडीच्या टेकूची धार तू घासलीस की उंदरानं?"

"तुझ्या दुकानातून आलाय तो काटा. उंदीर तुझाच असणार."

आजोबांचा एक नियम होता आणि तो या धंद्यातले सगळे जुने लोक पाळायचे. काट्याला फसवायच्या ज्या युक्त्या असतात त्यांना हे लोक खोड्या म्हणतात. पारड्याच्या खाली मेणाचा ठिपका. दांडीच्या एका अंगाला आतून ओतलेलं शिसं. काउंटरखाली चुंबक. अशा सतरा. प्रत्येक कारागिराला त्या यायलाच हव्यात, कारण माहीत नसलेली खोडी पकडणार कशी? पण खोडी दाखवायची ती फक्त शिष्याला, आणि तीही त्याच्या हातून शंभर काटे दुरुस्त झाल्यावर. आत्याला पहिली खोडी बघायला तीन वर्षं लागली. "खोडी मोडणाऱ्यालाच खोडी दाखवावी," आजोबा म्हणत. गिऱ्हाइकासमोर तर नावही काढायचं नाही.

आत्याने हा नियम तेहतीस वर्षं पाळला. मोडला तो एकदाच.

वर्षातून एकदा सरकारच्या वजनमापे खात्याचे साहेब बाजारातल्या काट्यांवर शिक्का मारायला येतात. शिक्केवाले साहेब. आत्याने सही केलेला काटा ते दुसऱ्यांदा तपासत नाहीत. त्या वर्षी ते आले ते शिक्क्याची पेटी न घेताच. हातात पांढरं पाकीट होतं.

"बाई, तुमचं नाव मी वर दिलंय," ते म्हणाले. "मंत्रालयात समिती बसली आहे. वजनातली फसवणूक कशी थांबवायची, यावर. दुरुस्तीवाल्यांतला एक प्रतिनिधी हवा होता. म्हटलं, मिलीग्राम सोडून कोण?"

आत्याने पत्र आधी हातात तोललं. ही तिची सवयच आहे. मग वाचलं. मग काकांकडे दिलं. काकांनी यंत्र थांबवलं. पंखा चालू होता तरीही.

"समिती म्हणजे चहा-बिस्किटं असणार," काका म्हणाले.

"मला बोलावलंय, तुम्हाला नाही."

"पिशवी कोण उचलणार?"

तर पिशवी काकांनी उचलली. त्यामुळे त्या खोलीत काय काय झालं हे मला दोघांकडून कळलं, आणि काकांनी तर ते तीनदा करून दाखवलं.

लांब टेबल होतं. अकरा खुर्च्या, प्रत्येकीसमोर पाण्याची बाटली आणि नावाची पाटी. आत्यासाठी बारावी खुर्ची कोपऱ्यातून ओढून आणली. तिच्यासमोर पाटी नव्हती. काकांना भिंतीजवळ बसवलं होतं. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी पाट्या वाचून काढल्या. एक अध्यक्षबाईंची. एक कुणा प्राध्यापकांची, ते आलेच नव्हते. उरलेल्या नऊ पाट्यांवर नावाखाली कुठल्या ना कुठल्या काटे बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं.

"बरं झालं की," आत्या त्यांच्या कानात म्हणाली. "सगळी जाणती माणसं आहेत."

त्या नऊजणांत एक गृहस्थ होते, ते काटेवाल्या कंपन्यांच्या संघाचे प्रमुख. आवाज इतका मऊ की समोरच्याला नकळत पुढे वाकावं लागायचं. आत्याने त्यांचं नाव तिथल्या तिथे ठेवलं, मऊ साहेब. शिपाई चहा घेऊन आला. सगळ्यांना विचारत आला, "साखर?" मऊ साहेबांना काही विचारलं नाही, त्यांच्यापुढे बिनसाखरेचा, आल्याचा, वेगळ्या कपातला चहा ठेवला. आत्याला त्याचं कौतुक वाटलं. बघा, म्हणाली, शिपायाला सुद्धा माणूस आवडतो.

मग मऊ साहेब म्हणाले, "ताई, आम्ही काटे बनवतो. पण काट्याच्या पोटातलं तुमच्याइतकं आम्हाला काय कळणार? आज तुम्ही शिकवा, आम्ही शिकतो. काट्याला फसवतात कसं?"

आता, तेहतीस वर्षं ज्या बाईला बाजारातल्या लोकांनी "ताई, लवकर करा" याशिवाय काही म्हटलेलं नाही, तिला मंत्रालयात नऊ साहेब "आम्हाला शिकवा" म्हणतात. काका सांगतात, तिने पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. पंखा बंद करायला सांगितला. मग पिशवी उघडली.

एकामागून एक. मेणाचा ठिपका. शिसं. चुंबक. पारड्याच्या साखळीतली एक कडी उघडून परत मिटवणं. प्रत्येक खोडी करून दाखवायची, मग ती पकडायची कशी ते सांगायचं, मग मोडायची. साहेब लोक उठून टेबलाभोवती जमले. एकाने फोनवर चित्रण सुरू केलं. सोळा झाल्यावर मऊ साहेबांनी आपल्या कंपनीचा नवा कोरा इलेक्ट्रॉनिक काटा पुढे सरकवला.

"याला फसवता येतं का, ताई?"

आत्याने चार स्क्रू काढले. आत वजनाचा भार झेलणारी बोटभर लांब पट्टी होती, तिच्याशेजारी काट्याचा आकडा जुळवायचं एक चिमुकलं बटण. दोन मिनिटांत नऊशे ग्रॅमचं माप ठेवलं तर काटा एक किलो दाखवू लागला. चित्रण करणारा साहेब फोन घेऊन अगदी जवळ सरकला. 

"आणि हे कोण करू शकतं?" मऊ साहेबांनी विचारलं.

"ज्याला उघडता येतो तो."

"म्हणजे दुरुस्तीवाला?"

"दुरुस्तीवाला करू शकतो. आणि पकडायचं झालं तरी दुरुस्तीवालाच पकडू शकतो. बाहेरून नुसतं बघून कुणाला..."

टाळ्या तिथेच पडल्या. वाक्याच्या मध्ये. आत्याने वाक्य तसंच सोडलं. टाळ्या पडत असताना बोलायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. जाताना एका कागदावर सही घेतली. "हजेरीची," असं अध्यक्षबाईंच्या माणसानं सांगितलं.

संध्याकाळी पासंग चहाला थांबलेलाच होता.

"काय दाखवलंस त्यांना?"

"खोड्या."

पासंगने कप खाली ठेवला. "किती?"

"सगळ्या. सतरा."

"परक्या माणसांसमोर?"

"परकी कसली? बंद करायला बसलेली माणसं आहेत ती. मोडणाऱ्यालाच दाखवली ना, मास्तर म्हणायचे तशी?"

आजोबांना तो मास्तर म्हणायचा. तो लगेच उठला. चहा मात्र अर्धा ठेवून गेला, आणि काका म्हणाले की याला तुझा हेवा वाटतोय. आत्यालाही तसंच वाटलं.

साडेचार महिन्यांनी शिक्केवाले साहेब पुन्हा आले. या वेळी दारातच उभे राहिले. आत्या म्हणाली, "या की," तर ते म्हणाले, "नको, बाई," आणि चार पानं काकांच्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. नव्या नियमाचा मसुदा. हरकती असतील तर तीस दिवसांत कळवाव्यात.

काकांनी मोठ्याने वाचायला घेतलं. व्यापारातला प्रत्येक काटा यापुढे कंपनीने सील केलेला असेल. सील तुटलेला काटा बाद. सील काढण्याचा अधिकार फक्त ज्या कंपनीने काटा बनवला तिच्या केंद्राला. जुने दांडीचे काटे दोन वर्षांत बंद. आणि दुरुस्तीचे स्वतंत्र परवाने आहेत त्या तारखेपर्यंत चालतील, पुढे नवे होणार नाहीत.

"पुढे वाचा," आत्या म्हणाली.

"वाचतोय ना."

"थांबलात का मग?"

काका थांबले होते खरे. तिसऱ्या परिच्छेदावर. शेवटी शिक्केवाल्या साहेबांनीच कागद घेतला आणि दारातून वाचला: "दुरुस्ती व्यवसायातील ज्येष्ठ प्रतिनिधीने केलेल्या प्रात्यक्षिकात, दुरुस्तीसाठी काटा उघडला असता वजनात फेरफार सहज करता येतो, असे समितीच्या निदर्शनास आले. सबब..."

"ज्येष्ठ प्रतिनिधी कोण?" आत्याने विचारलं.

शिक्केवाल्या साहेबांनी कागद परत टेबलावर ठेवला. मग तिला कळलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. समोर मसालेवाल्याचा काटा होता. तिने माप उचललं, पारड्यात ठेवलं, बोट ठेवून आकडा वाचला आणि वहीत टिपून घेतला. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, दार सताड उघडं होतं. काकांनी मुकाट्याने उठून पंखा बंद केला. ते म्हणतात, लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मला भीती वाटली ती त्या दिवशी.

शहरात दुरुस्तीवाले दोनशेच्या वर आहेत. तिसरा परिच्छेद दोन दिवसांत सगळ्यांच्या फोनवर पोचला. कुणाकडून तरी ते चित्रणही पोचलं: आत्या हसते आहे, चार स्क्रू काढते आहे, टाळ्या पडताहेत. "दुरुस्तीवालाच पकडू शकतो" हे त्यात नव्हतंच. टाळ्यांच्या आधीचं ते वाक्य कापून टाकलं होतं. एका सकाळी दुकानाच्या कडीला कुणीतरी तुटकी दांडी अडकवून गेलं. चार वाजले तरी पासंग येईना. सहाव्या दिवशी आत्याच त्याच्या दुकानात गेली.

"तुला पण असंच वाटतं?"

"मला काय वाटायचंय," तो धार घासत म्हणाला, मान वर न करता. "मास्तर असते तर तुझ्या हातातला चिमटा काढून घेतला असता."

दुकान जाईल, परवाना जाईल, हे सगळं तिने त्या सहा दिवसांत कसंबसं गिळलं होतं. काका म्हणत होते, माझं यंत्र आहे, उपाशी नाही मरत. पण हे वाक्य तिला गिळता येईना. घरी येऊन तिने मला फोन केला, कारण आमच्यात सरकारी भाषेत लिहिणारी मीच. "हरकत लिही," म्हणाली. "माझं नाव घेऊन त्यांनी माझ्या लोकांचं पोट कापलंय. ते वाक्य काढायला लाव. बाकी लढायचं ते नंतर. पण त्या नियमात मी नको."

हरकत घेणाऱ्याला फाइल बघायला मिळते. आत्या आणि काका मंत्रालयात गेले, अर्ज दिला, दोन तास बाकावर बसले. फाइल घेऊन आला तो तोच चहावाला शिपाई. त्याने आत्याला ओळखलं.

"त्या काटेवाल्या बाई ना तुम्ही? काय मस्त दाखवलंत त्या दिवशी."

"माझा शेवटचा खेळ होता तो," आत्या म्हणाली.

त्याने फाइल टेबलावर ठेवली, मागची पानं पुढे आणून दिली आणि म्हणाला, "खालून वाचा, बाई. फाइल नेहमी खालून वाचावी. मी जरा दरवाजाशी उभा राहतो."

सगळ्यात खालचं पान म्हणजे काटे कंपन्यांच्या संघाचं पत्र. "सोबत नियमाचा मसुदा सादर करीत आहोत." सही मऊ साहेबांची. आणि त्याखाली तोच नियम. तीच चार पानं, तेच शब्द, सील, केंद्र, परवाने, सगळं. आत्याने तारीख पाहिली. चष्मा पुसला. परत पाहिली. मग काकांपुढे बोट ठेवलं.

तारीख समितीच्या बैठकीच्या पाच महिने आधीची होती. समितीच तोवर नेमलेली नव्हती. ती नेमावी ही सूचना, आणि तिच्यावर कुणाला घ्यावं याची यादी, त्याच पत्राच्या शेवटी होती.

"तिसरा परिच्छेद बघा," आत्या म्हणाली.

काकांनी पाहिला. "दिनांक ........ रोजी ........ यांनी केलेल्या प्रात्यक्षिकात, दुरुस्तीसाठी काटा उघडला असता वजनात फेरफार सहज करता येतो, असे समितीच्या निदर्शनास आले." शाळेत असतं तसं. गाळलेल्या जागा भरा. आणि दुसऱ्या जागेत, नंतर कधीतरी, निळ्या शाईने, वळणदार अक्षरात भरलं होतं: दुरुस्ती व्यवसायातील ज्येष्ठ प्रतिनिधी.

 शिपाई दरवाजातून परत आला, तेव्हाही आत्याचं बोट त्या टिंबांवरच होतं.

"मी यायच्या आधीच मी इथे येऊन गेले होते," ती म्हणाली. हळू, जणू हिशोब जुळतो का ते बघत.

"बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," शिपाई म्हणाला. "तुम्ही नसता आलात तर दुसरं कुणी. ते मऊ बोलणारे साहेब, ते कोण, ठाऊक आहे? अध्यक्षबाई या खात्याच्या सचिव; दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुर्चीत तेच बसायचे. नऊ वर्षं मी त्यांना चहा दिला. साहेबांनी खुर्ची सोडली, पण खुर्चीनं साहेबांना नाही सोडलं."

"आणि मंत्री?" काकांनी विचारलं. "त्यांना कळत नाही?"

"मंत्र्यांच्या मतदारसंघात काट्यांचा कारखाना उभा राहतोय. सहाशे माणसं लागणार. भूमिपूजनाची तारीखही निघाली." शिपायाने फाइल बांधायला घेतली. "सहाशे एका जागी आणि तुम्ही दोनशे गल्लोगल्ली. आता तुम्हीच सांगा, कोण दिसेल?"

पंधरा दिवसांनी सुनावणी झाली. तेच टेबल, त्याच बाटल्या. आत्याने मी लिहिलेला कागद पाठ केला होता. दोन रात्री काकांना समोर बसवून म्हणून दाखवला होता. पत्राची तारीख, समितीची तारीख, टिंबं, अर्धवट चित्रण, सगळं क्रमाने. तिची तयारी भांडायची होती. कुणीतरी नाही म्हणेल, मग ती दुसरा मुद्दा काढेल, असं तिच्या मनात पक्कं होतं.

तिने पहिलंच वाक्य म्हटलं. "तिसऱ्या परिच्छेदातलं माझं प्रात्यक्षिक नियमातून काढून टाकावं, अशी माझी हरकत आहे."

अध्यक्षबाईंनी मऊ साहेबांकडे पाहिलं. मऊ साहेबांनी मान हलवली. अगदी थोडी, पारडं हलावं इतकीच.

"मान्य," अध्यक्षबाई म्हणाल्या. लाल पेनने एक रेघ मारली. "तिसरा परिच्छेद वगळला. चौथ्याला तीन क्रमांक द्या. आणखी काही?"

आत्या उभीच होती. कागदाची उरलेली दीड पानं तिच्या हातात होती.

"पण मग... नियम कशावर उभा आहे?"

"कशावर म्हणजे?"

"ते वाक्य कारण होतं ना? सबब असं लिहिलं होतं. सबबच काढली, तर पुढचं कसं राहील?"

"नियमाला कारण द्यावंच लागतं असं नाही, बाई," अध्यक्षबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुमची हरकत आम्ही पूर्णपणे मान्य केली आहे. तशी नोंद होईल. नियम सोमवारपासून लागू." आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

पत्राची तारीख तिने तरीही वाचली. मोठ्याने वाचली. टिंबांचं सांगितलं. लिहून घेणारा मुलगा लिहीतही होता. पण पुढचा माणूस तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता, खोकत, आपला कागद उलगडत, आणि शेवटची चार वाक्यं तिने त्याच्या खोकल्यातच म्हटली.

बाहेर व्हरांड्यात मऊ साहेब मागून आले.

"ताई, राग मानू नका. तुमच्या हाताला तोड नाही. आमचं केंद्र याच शहरात उघडतंय. या तिथे, शिकवायला या. मान मिळेल, पगार मिळेल."

काका सांगतात, क्षणभर तिचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोला, उजळला.

"उघडायला किती काटे येतील रोज?" तिने विचारलं.

"उघडायला?"

"दुरुस्तीला."

"अहो नाही, ताई." साहेब हसले, लहान मुलाला सांगावं तसे. "तिथे काटा उघडत नाहीत. बिघडलेला जमा करून घ्यायचा, गिऱ्हाइकाला नवा घ्यायला लावायचा. तुम्ही तिथल्या काउंटरवरच्या मुलींना बोलायला शिकवायचं. तुम्ही किती छान बोलता."

"आणि जमा केलेला?"

"तो मोडीत."

"नुसती पट्टी सैल झाली असेल तरी?"

"तरी."

आत्याने काकांच्या हातातली पिशवी घेतली. ती कधी घेत नाही, जड असते. जिन्यावरून उतरताना ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, आमचं काम ते घेताहेत. अहो, त्यांना ते काम नकोच आहे."

दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीसारखं उघडलं. उलट गर्दीच झाली. सोमवारच्या आत काटा नीट करून घ्यावा म्हणून भाजीवाल्या बायकांची रांग खडूची रेघ ओलांडून काकांच्या कापडापर्यंत आली. पंखा बंद, दार ओढलेलं, बायका दम धरून उभ्या. चार वाजता दार ढकललं गेलं. पासंग होता. आत्याने मान वर केली नाही; पारडं अजून स्थिर झालं नव्हतं. झाल्यावर म्हणाली, "बस."

तो बसला नाही. "मंत्रालयात गेली होतीस, म्हणतात."

"गेले होते. मान्य झाली माझी हरकत."

"मान्य झाली?"

"अर्ध्या मिनिटात."

"मग नियम?"

"नियम आहे. सोमवारपासून."

पासंगने रांगेतल्या बायकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग काढलं काय त्यांनी?"

आत्याने चिमटा खाली ठेवला.

"मला," म्हणाली.

काकांनी यंत्राचं चाक उगाच हाताने फिरवलं आणि परत थांबवलं. पासंगने स्टूल पायाने ओढलं, तिच्या फळीसमोर बसला आणि रांगेतल्या पहिल्या बाईच्या हातून काटा घेतला. पालथा केला. खिशातून स्वतःचा पेचकस काढला.

"तुझा परवाना कधीपर्यंत?"

"अजून एकोणीस दिवस."

"माझे बावीस आहेत." त्याने पहिला स्क्रू सैल केला. "एकोणिसाव्या दिवशी जे हातात उरेल ते माझ्याकडे पाठव. आणि तूही ये. खुसपटं काढायला कुणीतरी लागेल."